मोटारीच्या काचेवरील साक्षीदार

मोटारीच्या पुढील काचेस, आरशाच्या मागे, एक लहानसा कॅमेरा बसविण्याची चाल पुणे शहरात अलीकडे पुष्कळ वाढली आहे. त्यास डॅशकॅम असे म्हणतात. गाडी सुरू झाली की तो आपोआप पुढील रस्त्याचे चित्र घेऊ लागतो व गाडी बंद होईपर्यंत थांबत नाही. आमच्या खेड्यांतील कित्येक तरुण पुण्यात भाड्याच्या मोटारी व मालकांच्या गाड्या चालवितात. भाजीचा टेम्पो घेऊन पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाणारेही थोडे नाहीत. तेव्हा हा विषय शहरातील श्रीमंतांचा आहे असे समजून वाचकांनी पान उलटू नये. अपघात झाल्यावर आपला बचाव व्हावा म्हणून असा साक्षीदार आधीच जवळ बाळगणे योग्य आहे काय, आणि तो एकदा बाळगला म्हणजे त्याचे म्हणणे ऐकण्यास आपण कोठपर्यंत बांधलेले आहोत, ह्या दोन प्रश्नांचा आम्ही येथे विचार करणार आहो. पहिला सोपा आहे. दुसरा तितका सोपा नाही.

हा कॅमेरा लोक भीतीपोटी घेतात हे उघड आहे, आणि ती भीती खोटी नाही. आपल्याकडे दोन वाहनांची टक्कर झाली की मोठ्या वाहनाची चूक, असा निवाडा जमलेला घोळका तेथल्या तेथेच करून टाकतो. दुचाकीवाला उलट दिशेने आला होता की काय, हे विचारण्याच्या आधी मोटार हाकणाऱ्याच्या अंगावर हात पडतो. हे इतके सर्वश्रुत आहे की खुद्द कायद्यालाही ते लिहावे लागले. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याचे १३४ वे कलम सांगते की, ज्याच्या गाडीने अपघात झाला त्याने जखमी मनुष्यास औषधोपचार मिळवून दिला पाहिजे. मात्र जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी. तसे झाले तरी जवळच्या पोलिस ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत, वर्दी दिलीच पाहिजे. ज्या देशाच्या कायद्यात जमावाच्या मारहाणीसाठी सवलत लिहून ठेवावी लागते, तेथील वाहनचालकाने एखादा निःपक्षपाती साक्षीदार शोधावा ह्यात नवल ते काय?

शिवाय मुद्दाम अपघात घडवून पैसे उकळणारेही आहेत. जानेवारी २०२३ मध्ये बंगळूर येथे रात्रीच्या वेळी एका दांपत्याच्या मोटारीवर दुचाकी आदळविण्यात आली व नंतर त्यांचा पाठलाग झाला. त्यांच्या डॅशकॅमने तो सर्व प्रकार टिपला होता म्हणूनच खरे काय ते उघडकीस आले. रशियात तर ह्या लबाडीस कंटाळून लोकांनी घरोघरी असे कॅमेरे घेतले. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी चेल्याबिन्स्क शहरावर आकाशातून उल्का फुटली, तेव्हा तिची असंख्य चित्रे जगास मिळाली, ती ह्याच कारणाने. तेथील लोक आकाशाकडे पाहत नव्हते. ते शेजारच्या गाडीवाल्याच्या भीतीने सावध होते.

काही सज्जन म्हणतात की, शेजाऱ्याविषयी असा संशय धरणे चांगले नव्हे. आम्हांस हा आक्षेप पटत नाही. व्यवहारात आपण पावती घेतो, जमिनीच्या खरेदीस साक्षीदार बोलावितो, सातबाराचा उतारा जपून ठेवितो. ह्यात कोणाचा अपमान होत नाही. लेखी पुरावा दोघांनाही सत्याशी बांधून ठेवितो व भांडणाचे मूळच तोडतो. कॅमेऱ्याचेही तसेच आहे, जर तो दोघांसाठी असेल तर. सगळी अडचण ह्या ‘जर’मध्ये आहे, आणि ती कशी, हे समजण्यासाठी पुण्यातीलच एका दुःखद प्रकरणाकडे पाहिले पाहिजे.

१९ मे २०२४ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास कल्याणीनगर येथे एका भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीवरून जाणाऱ्या दोघांना उडविले. एक तरुण व एक तरुणी, दोघेही मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीस आलेले संगणक अभियंते, ठार झाले. मोटार चालविणारा मुलगा सतराच वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने त्यास त्याच दिवशी जामीन दिला व अपघातांविषयी ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, तेव्हा सर्व देशात संतापाची लाट उसळली. पुढे जे बाहेर आले ते त्याहून भयंकर होते. त्या मुलाच्या रक्ताचा नमुना ससून रुग्णालयात बदलण्यात आला असा आरोप ठेवून पोलिसांनी दोन डॉक्टर व एक कर्मचारी ह्यांना अटक केली. कुटुंबाच्या पगारी ड्रायव्हरने ‘गाडी मी चालवीत होतो’ असे सांगावे म्हणून त्याच्यावर दडपण आणले व त्यास डांबून ठेविले, असाही आरोप झाला. हे आरोप आहेत. त्यांचा निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे, आमचे नाही. परंतु ते ज्या पुराव्यावर उभे राहिले त्याकडे पाहावे. मुलगा घरून मोटार घेऊन निघाला आणि रात्री मद्यालयात बसला, ही दृश्ये जागोजागीच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांत उमटली होती असे पोलिस आयुक्तांनी त्या वेळी जाहीरपणे सांगितले.

इज्रेलातील नाबोथाची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहे. त्याचा द्राक्षमळा राजास हवा होता; तेव्हा राणीने दोन नीच मनुष्ये त्याच्या समोर बसविली, त्यांनी खोटी साक्ष दिली व नाबोथ दगडमार होऊन मेला. कागदोपत्री सर्व यथासांग झाले होते. साक्षीदारही दोन होते, नियमाप्रमाणे. खोट्या साक्षीचा मनाई करणारी आज्ञा दहा आज्ञांत का घातली असेल, हे ह्या गोष्टीवरून कळते. जेथे साक्षीदार विकत मिळतो, तेथे मळा असलेला गरीब मनुष्य एक दिवसही सुरक्षित नाही. कॅमेऱ्याचा मोठा गुण हा की तो पैसा घेत नाही, भिडेस पडत नाही, पाटलाच्या वाड्यावर बोलाविले तरी आपली जबानी बदलीत नाही. म्हणून दुर्बळाने त्याचे स्वागतच करावे.

परंतु कॅमेरा विकला जात नसला तरी त्याचा मालक विकला जाऊ शकतो, आणि कार्ड मालकाच्या हातात असते.

हे यंत्र कसे चालते ते थोडे सांगितले पाहिजे. ते चित्रण एका नखाएवढ्या मेमरी कार्डावर एक, तीन किंवा पाच मिनिटांच्या तुकड्यांनी लिहीत जाते. कार्ड भरले की सर्वांत जुना तुकडा पुसून त्या जागी नवा लिहिते. गाडीस जोराचा धक्का बसला तर आतील एक भाग तो ओळखतो व त्या वेळचा तुकडा पुसला जाऊ नये म्हणून कुलूपबंद करतो. हे कुलूप नेहमीच लागते असे नाही. पायी चालणाऱ्यास हलका धक्का लागला तर यंत्रास तो खड्डाच वाटतो, आणि पुण्याच्या रस्त्यांवर खड्डा व धक्का ह्यांत भेद करणे माणसासही जड जाते. तेव्हा अपघातानंतर गाडी तशीच चालवीत राहिले तर काही तासांत ते चित्र कायमचे नाहीसे होऊ शकते. कित्येक कॅमेऱ्यांचे घड्याळ चुकलेले असते. चित्रावर भलत्याच वर्षाची तारीख उमटते व पुढे प्रतिपक्षाचा वकील तिच्यावरच बोट ठेवितो. वैशाख-ज्येष्ठात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत बॅटरीचा कॅमेरा तापून फुगतो. कपॅसिटरवर चालणारा त्यापेक्षा टिकतो. सतत लिहून-पुसून कार्डही झिजते. कॅमेरा वर्षभर काचेवर दिमाखात बसलेला, आणि प्रसंग आला तेव्हा कार्ड सहा महिन्यांपूर्वीच मेलेले, असे पुष्कळदा घडते.

शिवाय हा साक्षीदार सर्व पाहतो असेही नाही. त्याचे भिंग रुंद असते. त्यामुळे पुढील वस्तू आहे त्याहून दूर दिसते. बाजूने आलेला सायकलवाला त्याला दिसत नाही. रात्री समोरच्या दिव्यांच्या झोतात गाडीचा क्रमांक पांढरा डाग होतो. ज्यात जीपीएस असते त्यात गाडीचा वेगही आकड्याने उमटतो. आणि येथेच मनुष्यस्वभावाची मौज पाहावी! वेगाचा हा आकडा बंद ठेवण्याची सोयही त्या यंत्रात असते, आणि ती मुद्दाम वापरणारे लोक आहेत. दुसऱ्याची चूक दिसावी, आपला वेग तेवढा दिसू नये. असा कॅमेरा लावणाऱ्याने साक्षीदार ठेविला नाही, वकील ठेविला.

आता दुसरा प्रश्न. समजा, चूक आपलीच आहे. डोळा लागला, किंवा फोनकडे पाहिले, आणि झेब्रा पट्ट्यांवरील एक म्हातारी गाडीखाली आली. कोणी पाहिले नाही. कॅमेऱ्याने पाहिले. कार्ड काढून मुठा नदीत फेकणे एका क्षणाचे काम आहे. काय करावे?

कायदा काय म्हणतो ते प्रथम पाहू. भारताच्या संविधानाच्या २० व्या अनुच्छेदाप्रमाणे कोणाही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. ही सवलत थोर आहे; पोलिस कोठडीत मारून कबुली घेण्याच्या प्रथेविरुद्ध ती ढाल आहे, आणि तिची कोणी थट्टा करू नये. परंतु ती जिभेची सवलत आहे, हाताची नव्हे. न्यायालयात पुरावा म्हणून मागितली जाऊ शकेल अशी वस्तू किंवा विजेच्या यंत्रातील नोंद, ती पुढे येऊ नये ह्या हेतूने नष्ट करणे, हा वेगळा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू घडविल्यास पूर्वी दोन वर्षांपर्यंत कैद होती. नव्या संहितेने ती पाच वर्षांपर्यंत वाढविली. म्हणजे भीती वाढली, व तिच्याबरोबर कार्ड फेकण्याचा मोहही वाढला.

नीतीच्या दृष्टीने पाहता आमचे मत असे आहे. ज्याने हा कॅमेरा लावला त्याने सत्यास बोलाविले. निरपराध असताना ‘सत्य काय ते पाहा’ असे म्हणावयाचे आणि अपराधी असताना त्याच सत्याचा गळा दाबावयाचा, हा व्यवहार त्याला उघडा नाही. ज्याने कॅमेरा लावलाच नाही तो निदान कोणाची फसवणूक करीत नाही. ज्याने लावला व चूक असेल तेव्हा पुसला, त्याने आपल्या सर्व खऱ्या चित्रांचीही किंमत घालविली. म्हणून कॅमेरा विकत घेण्याच्या वेळीच मनाशी ठरविले पाहिजे की कार्ड माझ्याविरुद्ध बोलले तरी मी ते देईन. आधी न ठरविलेली ही गोष्ट रक्ताचे थारोळे समोर असताना ठरविता येत नाही.

हे म्हणणे कठोर आहे हे आम्ही जाणतो. घरी लेकरे आहेत, गाडीचे हप्ते आहेत, तुरुंगात गेल्यास घर बसते. परंतु दुसऱ्या बाजूसही एक घर आहे. कार्ड देणाऱ्याचे सर्वच बुडते असेही नाही. गाडीचा तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. तो असला व परवाना वगैरे नीट असला तर नुकसानभरपाई साधारणतः विमा कंपनी भरते. आणि चित्रणात आपली चूक दिसते तशी समोरच्याची अर्धी चूकही दिसते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण दोहोंचा हिशेब मांडते.

जो मेला त्याच्याजवळ कॅमेरा नव्हता, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. पुण्याच्या रस्त्यांवर बहुतेक माणसे दुचाकीवर किंवा पायी असतात. चारचाकीस डोळा आहे. पायी जाणाऱ्यास नाही. दोघांची टक्कर झाली तर एकाची साक्ष छापील व दुसऱ्याची मातीत. ह्यामुळे कॅमेरा बाळगणाऱ्यावर एक ऋण चढते, आणि ते केवळ त्याच्या स्वतःच्या अपघातापुरते नाही. आपण रस्त्याने जात असता पुढे एखादी ट्रक कोणास चिरडून पळून गेली, तर तिचा क्रमांक कदाचित आपल्या कार्डावर असेल. पळून गेलेले वाहन सापडलेच नाही तर मृताच्या वारसांस सरकारी योजनेतून २ लाख रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी तर २५ हजारच मिळत. वाहन सापडले तर मृताचे वय, मिळकत व त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरते, आणि ती कित्येक पटींनी अधिक असू शकते. एका विधवेच्या मुलांचे शिक्षण आपल्या काचेवरच्या नखाएवढ्या कार्डात असू शकते, आणि आपण मात्र ‘कशाला त्या भानगडीत पडा’ म्हणून पुढे जातो.

ह्या भानगडीचे भय आता पूर्वीइतके राहिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अपघातग्रस्तास साहाय्य करणाऱ्यांच्या रक्षणार्थ नियम बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. त्यात अशा मनुष्यास दिलेले नाव चांगल्या शोमरोन्याचेच आहे, हे आमच्या वाचकांस ऐकून संतोष वाटेल. जखमीस रुग्णालयात पोहोचविणाऱ्यास अडकवून ठेवता येत नाही व नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. ५ मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजनाही आहे. तिच्याप्रमाणे नेमलेल्या रुग्णालयात अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत विनामूल्य उपचार होतात. म्हणून प्रथम १०८ किंवा ११२ वर फोन, प्रथम मनुष्य, कार्ड त्यानंतर. शोमरोन्याने वाटेत पडलेल्या मनुष्याच्या जखमा बांधल्या. दरोडेखोर कोण होते ह्याची चौकशी करीत तो उभा राहिला नाही.

आणखी एक गोष्ट बजावून सांगतो. चित्रण हाती असले की ते लगेच फोनवरून सर्वांस पाठविण्याची घाई होते. कल्याणीनगरच्या अपघाताची चित्रे त्या आठवड्यात लाखो लोकांनी पाहिली. त्या दोन मुलांच्या आईबापांनी ती कोणत्या मनाने पाहिली असतील? त्याच दिवसांत आरोपी मुलाची म्हणून एक गाण्याची चित्रफीतही पसरली. तो मुलगा तिच्यात नव्हताच, असे पोलिसांना जाहीर करावे लागले. फीत कोणीतरी खरोखरच तयार केलेली होती; तिच्याखालचे नाव तेवढे खोटे होते, आणि लोकांनी नावच पाहिले. चित्र पोलिसांकडे, न्यायालयाकडे व विमा कंपनीकडे जावे, चावडीवर नव्हे. दुसऱ्यांच्या खासगी जीवनाचाही विचार आहे. १५ मे २०१८ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निर्णय दिला की, रस्त्याचे अखंड चित्रण करीत राहणे हा खासगीपणाच्या कायद्याचा भंग असला तरी तेवढ्यामुळे ते पुराव्यातून बाद होत नाही. आम्हांस हा निर्णय समतोल वाटतो: साक्षीसाठी ठीक, तमाशासाठी नाही.

फोनवरून पाठविण्यात व्यावहारिक तोटाही आहे. त्या वाटेने गेलेले चित्र दाबून लहान केले जाते व मूळ राहत नाही. ह्याविषयीचा महत्त्वाचा निकाल आपल्या महाराष्ट्रातीलच आहे. २०१४ च्या निवडणुकीत जालन्यातील अर्जुन खोतकर ह्यांचा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर आला की काय, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील चित्रणावर येऊन ठेपला. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात ठरविले की, चित्रणाची प्रत दाखल करावयाची तर कायद्यातील प्रमाणपत्र पाहिजेच. मात्र मूळ यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन हजर केले तर प्रमाणपत्राची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमान्वये ह्या प्रमाणपत्राचा नमुनाच ठरवून दिला आहे. त्यात एक भाग यंत्र बाळगणाऱ्याने व दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. चित्राची अंकांत काढलेली एक खूणही त्यात लिहावी लागते. चित्रात तिळमात्र फरक केला तरी ती खूण बदलते. तेव्हा अपघात झाल्यावर गाडी बंद करावी, कार्ड काढून कागदात बांधावे, त्यातील काही कापू-जोडू नये, आणि पोलिसांस देताना पंचनाम्यात त्याची नोंद करवून तिची प्रत मागून घ्यावी.

राहिला पगारी ड्रायव्हर, आणि आमचे बहुतेक तरुण हेच आहेत. गाडी मालकाची, कॅमेरा मालकाचा, कार्डही मालकाचे. तुरुंगात जाण्याची वेळ आली तर तेवढे शरीर ड्रायव्हरचे. कल्याणीनगरच्या प्रकरणातील तो आरोप त्यांनी पुन्हा एकदा वाचावा. कित्येक कॅमेऱ्यांस दुसरा डोळा असतो, तो गाडीच्या आत पाहतो. सुकाणूवर कोण बसले होते हे त्यात दिसते. ड्रायव्हरांस तो आवडत नाही, कारण मालक आपल्यावर पाळत ठेवितो असे त्यांस वाटते, व ते पुष्कळ अंशी खरेही आहे. तथापि दुसऱ्याचा अपराध आपल्या माथी मारला जाण्याची वेळ आली, तर तोच डोळा गरिबाच्या कामी येईल. फक्त कार्ड कोणाच्या हाती राहील हे नोकरी धरतानाच विचारून घ्यावे: अपघात झाल्यास ते पोलिसांसमोरच काढले जाईल, आणि ड्रायव्हर हजर असल्याशिवाय कोणी त्यास हात लावणार नाही, असे मालकाकडून चार माणसांदेखत किंवा दोन ओळींच्या कागदावर लिहून घ्यावे. कोणी मालक ह्यावर रागावेल. जो रागावेल त्याच्या गाडीवर बसावे की नाही, ह्याचा विचार त्याच दिवशी, घरच्यांशी बोलून, करणे बरे.